कॉलेजचं श्रमदान शिबिर काढायचंय? टीशर्ट नंतर छापा, आधी गावात जाऊन या

दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात कुठल्यातरी कॉलेजच्या कट्ट्यावर कुणालातरी वाटतं की यंदा ट्रेकबिक नको, कुठंतरी गावात जाऊन काहीतरी काम करूया. मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघतो, ग्रुपला नाव पडतं, टीशर्टचा रंग ठरतो, त्यावरून भांडणं पण होतात, आणि काम नक्की काय करायचं हे मात्र निघायच्या आदल्या दिवसापर्यंत कुणालाच माहीत नसतं. ज्यांनी आधी कधी शिबिर काढलेलं नाही अशा पोरापोरींसाठी हे लिहितोय. उदाहरण म्हणून शहापूर तालुका घेतोय, काम वनराई बंधाऱ्याचं (म्हणजे मातीनं भरलेल्या गोण्या रचून नाल्याचं पाणी अडवणारा तात्पुरता बांध) आणि कॉलेज मुंबई-ठाण्याकडचं धरलंय. तुम्ही सांगलीचे असाल किंवा अमरावतीचे, तर गाव बदला, महिना बदला, बाकी बरंचसं लागू पडेल.

शहापूरच का, तर तानसा, मोडकसागर आणि भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं याच तालुक्यात आहेत आणि याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर मार्च-एप्रिलपासून टँकरची वाट बघावी लागते. पाऊस पडतो भरपूर, वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर, पण उतार आणि खाली कातळ, त्यामुळे पाणी थांबतच नाही. शिवाय कसारा लोकल आहे, आसनगाव, आटगाव, खर्डी कुठंही उतरा, पुढं जीप किंवा टमटम. बसचा खर्चच वाचतो.

एनएसएसमधून जायचं की वेगळं?

हे आधी ठरवा कारण पुढची सगळी कागदपत्रं त्यावर अवलंबून आहेत. एनएसएस म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, ती २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात ३७ विद्यापीठांत सुरू झाली, म्हणजे तुमच्या प्राचार्यांनी स्वतः पोरगं असताना असलं शिबिर केलेलं असण्याची बरीच शक्यता आहे, त्यांना हे प्रकरण समजावून सांगावं लागत नाही. एनएसएसचं विशेष शिबिर सात दिवसांचं, दत्तक गावात असतं, आणि स्वयंसेवकाचे वर्षाला १२० तास हे वेगळे. फायदा म्हणजे परवानगीचा रस्ता ठरलेला, थोडं अनुदान, कार्यक्रम अधिकारी सर सोबत. तोटा म्हणजे गाव आधीच ठरलेलं असतं आणि बऱ्याच ठिकाणी कार्यक्रमपत्रिका अशी भरलेली असते की श्रमदानाला सकाळचे दोन तास उरतात, बाकी उद्घाटन, बौद्धिक, सत्कार, समारोप.

तुमचा ग्रुप छोटा असेल आणि काम मनासारखं करायचं असेल तर वेगळं शिबिर काढा, पण एनएसएसच्या सरांना सोबत घेऊन. त्यांना वगळून प्राचार्यांकडे गेलात तर अर्ज फिरून त्यांच्याच टेबलावर येणार, आणि तेव्हा ते नाराज असणार.

आणि कुणालाच कसलाच अनुभव नसेल तर एक वर्ष थांबा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला, म्हणजे बाबा आमट्यांच्या प्रकल्पावर, मे महिन्यात श्रमसंस्कार छावणी भरते, तिथं ग्रुपमधले चारपाच जण जाऊन या. विदर्भातल्या मे महिन्यात फावडं हातात घेतलेल्या माणसाला पुढं कुठलंच शिबिर जड जात नाही.

गाव शोधणं, म्हणजे खरं काम इथंच आहे

काम तुम्ही ठरवायचं नाही, काम गावानं मागायचं. ऐकायला सोपं वाटतं पण नव्वद टक्के शिबिरं इथंच फसतात असं माझं मत आहे. पोरं आधीच ठरवून जातात की आपण शाळेच्या भिंती रंगवणार, मग शाळा शोधतात, शाळेच्या भिंती मागच्याच वर्षी दुसऱ्या कॉलेजनं रंगवलेल्या असतात, तरी मुख्याध्यापक नाही म्हणत नाहीत कारण पाहुण्याला नाही कसं म्हणणार.

शिबिराच्या निदान दोन महिने आधी तिघाचौघांनी जाऊन या, जमलं तर दोनदा, त्यातली एक फेरी संध्याकाळची ठेवा कारण दिवसा माणसं रानात असतात. सरपंचांना भेटा, ग्रामसेवकांना भेटा (आता कागदोपत्री त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, गावात अजून ग्रामसेवकच), आशाताईंना भेटा, अंगणवाडीताईंना भेटा. आणि पाणी भरायला जाणाऱ्या बायकांशी बोला, म्हणजे ग्रुपमधल्या मुलींनी बोलावं, जास्त मोकळं बोलणं होतं. सरपंच सांगतील की सभामंडपाचं काम बाकी आहे. बायका सांगतील की वरच्या नाल्याचं पाणी जानेवारीत आटतं आणि मग अर्धा तास चालावं लागतं. तुम्ही कुणाचं ऐकायचं ते तुम्हीच ठरवा, पण सरपंचांना न दुखावता.

प्रश्न कसे विचारायचे तर "तुम्हाला काय हवंय" असं विचारू नका, त्याला उत्तर ट्रॅक्टर किंवा रस्ता असं येतं आणि ते बरोबरच आहे. विचारा की पाणी कुठल्या महिन्यापर्यंत पुरतं, याआधी बंधारा घातला होता का, कुठं, कोण घालायचं, मग का थांबलं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवा. आणि पाड्यावरचा एखादा तरी माणूस असा मिळायला हवा जो तुमच्यासोबत नाल्यापर्यंत चालत येईल आणि म्हणेल की इथं घाला, तिथं नको. तो मिळाला नाही तर गाव बदला.

शहापूर पेसा क्षेत्रात आहे (पेसा म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा कायदा), त्यामुळे ग्रामसभेचं म्हणणं तिथं जास्त वजनाचं, आणि पाड्याची वेगळी ग्रामसभा असेल तर तिच्यासमोरही विषय मांडा. ग्रामपंचायतीकडून एक पत्र घ्या की आम्हाला हे काम हवंय आणि राहायची सोय करू. नाला वनखात्याच्या जागेत येत असेल तर वनक्षेत्रपालांची लेखी परवानगी वेगळी लागते, आणि तानसा अभयारण्याच्या बाजूला असाल तर ते आधीच तपासा, तिथं कुदळ मारायला सुरुवात केल्यावर गार्ड आला तर शिबिर तिथंच संपतं.

तारखा

तारीख कॉलेजच्या कॅलेंडरवरून काढायची नसते, नाल्यावरून काढायची. वनराई बंधारा पाऊस थांबल्यावर, नाल्याचा जोर कमी झाल्यावर पण धार चालू असतानाच घालायचा. फार लवकर घातला तर परतीचा पाऊस घेऊन जातो, जानेवारीत गेलात तर अडवायला पाणीच नसतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात भातकापणी असते, तेव्हा गावाकडून एकही हात मिळणार नाही आणि मिळावा अशी अपेक्षाही ठेवू नका. तुमच्या सेमिस्टरच्या परीक्षा पण तेव्हाच. म्हणून नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा ते डिसेंबरचा मध्य एवढीच खरी खिडकी आहे.

त्यातही बघा. पाडा कातकऱ्यांचा असेल तर दिवाळीनंतर बरीच कुटुंबं वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावरच परत येतात, म्हणजे डिसेंबरात घरांना कुलपं आणि गावात म्हातारी माणसं. तिथं "ग्रामस्थांचा सहभाग" असं अर्जात लिहून काही उपयोग नाही, तारीख अलीकडं ओढा. ६ डिसेंबरच्या आसपास प्रवास ठेवू नका, मध्य रेल्वेवर चैत्यभूमीला जाणाऱ्यांची गर्दी असते आणि तुमच्यातल्याही काही जणांना तिकडं जायचं असेल. मार्गशीर्षातले गुरुवार आले तर बायका पूजेच्या गडबडीत, त्या दिवशी त्यांच्याकडून वेळेवर स्वयंपाकाची अपेक्षा करू नका. आणि ग्रामपंचायतीची निवडणूक लागली असेल तर सरळ पुढं ढकला, कारण बंधारा कुणाच्या गटाचा यावरून तुमचं शिबिर प्रचारात ओढलं जातं.

प्राचार्यांना द्यायचा अर्ज

दीड पान, त्याच्या वर नाही. पीपीटी करू नका. प्राचार्यांच्या डोक्यात प्रश्न चारच असतात: जबाबदार कोण, मुलींचं काय, पैसे कोण देणार, आणि काही झालं तर काय. त्या क्रमानं उत्तरं द्या. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरुडच्या समुद्रात सहलीला आलेली पुण्याच्या कॉलेजची मुलं बुडाली, तेव्हापासून सहलींच्या बाबतीत सगळीच कॉलेजं धास्तावलेली आहेत आणि ते चूकही नाही. त्यामुळे सामाजिक बांधिलकी वगैरेवर एकच वाक्य आणि सुरक्षिततेवर अर्धं पान असं प्रमाण ठेवा. अर्ज साधारण असा:

प्रति,
मा. प्राचार्य

विषय: ८ ते १२ डिसेंबर या कालावधीत शहापूर तालुक्यातील (गावाचे नाव) येथे श्रमदान शिबिर घेण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय,
आम्ही २५ विद्यार्थी (१३ मुली, १२ मुलगे) वरील गावी वनराई बंधारा बांधण्यासाठी जाऊ इच्छितो. या कामाची मागणी करणारे ग्रामपंचायतीचे पत्र सोबत जोडले आहे. शिबिरात दोन प्राध्यापक, त्यापैकी एक महिला प्राध्यापक, पूर्ण वेळ सोबत राहण्यास तयार आहेत, त्यांची लेखी संमती जोडली आहे. मुलींची निवास व्यवस्था स्वतंत्र आहे. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय व पोलीस ठाणे यांचे अंतर व दूरध्वनी क्रमांक जोडले आहेत. अंदाजपत्रक व पालकांच्या संमतिपत्राचा नमुना सोबत आहे. बुडालेल्या तासिका भरून काढण्याबाबत विभागप्रमुखांशी बोलणे झाले आहे.

बस एवढंच. सोबत येणारे सर-मॅडम आधी पक्के करा आणि मगच अर्ज द्या, "प्राध्यापक नंतर ठरवू" असं लिहिलेला अर्ज हमखास टेबलावर पडून राहतो. विद्यापीठाची विद्यार्थी अपघात विमा योजना आपल्याला लागू आहे का ते ऑफिसातल्या क्लार्ककाकांना विचारा, त्यांना सगळं माहीत असतं. पालकांचं संमतिपत्र सहीचं घ्या, आणि पोरींच्या आईवडिलांना जमलं तर मॅडमकडून फोन करवा, निम्मी नकारघंटा तिथंच थांबते.

माणसं निवडताना जो पहिला हात वर करतो त्याला घेऊ नका असं म्हणत नाही, पण त्याला आधीच्या एका फेरीला सोबत न्या, दुपारी उन्हात नाल्यातून चालवा, मग विचारा. २५ पुरे आहेत. चाळीस नेले तर पंधरा जण फोटोच काढतात.

पैसे

२५ पोरं आणि २ प्राध्यापक, पाच दिवस, असा हिशोब मांडून दाखवतो. भाव मी धरलेत, तुमच्याकडचे विचारून घ्या. जेवण-नाश्ता-चहा गावातल्या महिला बचत गटाला माणशी रोज २०० रुपयांनी दिलं तर २७,०००. लोकलची तिकिटं आणि जीप मिळून ४,०००. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या ३००, आठ रुपयांनी २,४००. सुतळी, दाभणं, हातमोजे २,०००. औषधपेटी १,५००. अचानकचे ३,०००. झाले ३९,९००, म्हणजे प्रत्येकी १,६००. ज्याला देणं जमत नाही त्याचे पैसे कॉलेजच्या विद्यार्थी कल्याण निधीतून किंवा माजी विद्यार्थ्यांकडून काढा, पण कोण पैसे भरून आलं आणि कोण नाही हे ग्रुपवर कळता कामा नये.

बचत गटाचे पैसे कापायचा मोह होतो, "गावकरी प्रेमानं जेवू घालतील" असं कुणीतरी म्हणतंच. घालतील, नक्की घालतील, आणि त्यांच्या घरचा महिन्याचा तांदूळ त्यात जाईल. पैसे द्या, आगाऊ अर्धे द्या. फावडी, टिकाव, पहारी, घमेली मात्र विकत घेऊ नका, गावात सगळ्यांकडं असतात, फक्त कुणाचं काय घेतलं ते वहीत लिहा आणि दांडा मोडला तर नवीन बसवून द्या. गोण्या एखाद्या बांधकाम साइटवर फुकट पण मिळतात, झटकून आणा. कृषी विभाग पण दरवर्षी असे बंधारे घालायची मोहीम काढतो, कृषी सहायकांना आधी भेटलात तर जागा दाखवायला ते स्वतः येतात आणि कधीकधी गोण्यांचीही सोय होते.

बंधारा

जागा अशी बघायची की नाला अरुंद आहे, दोन्ही काठ उंच आणि पक्के आहेत, आणि वरच्या अंगाला उतार कमी आहे म्हणजे पाणी मागं लांबपर्यंत तुंबेल. उतार जास्त असला तर भिंत तेवढीच पण डबकं छोटंसं. भिंतीखाली मोठे सुटे दगड असतील तर काढून तळ साफ करा, नाहीतर पाणी खालून वाट काढतं आणि वरून बंधारा कितीही देखणा दिसला तरी दुसऱ्या दिवशी कोरडा.

गोणी पाऊण भरायची, गच्च नाही. गच्च भरली की ती गोल होते आणि दोन गोण्यांमधून पाणी जातं, पाऊण भरली की चपटी बसते. माती-वाळू नाल्याच्या पोटातून, वरच्या बाजूनं घ्या, म्हणजे तेवढा गाळही निघतो. काठ मात्र खणू नका. भरलेली गोणी ३५-४० किलो होते, ती एकट्यानं उचलायची नाही, दोघांनी धरायची, किंवा जागेवर नेऊनच भरायची. दाभणानं तोंड शिवा, शिवलेलं तोंड आतल्या बाजूला. रचताना विटांच्या भिंतीसारखा सांधेमोड करायचा, वरच्या थराची गोणी खालच्या दोन गोण्यांच्या मध्यावर. तळाला तीन गोण्यांची रुंदी, वर जाता जाता एक. टोकं दोन्ही काठांत थोडी आत घुसवा. पाण्याच्या बाजूनं चिकणमाती थापून पायानं तुडवायची, हे काम सगळ्यात जास्त मजेचं असतं म्हणून सगळे तिथंच जमतात, तेवढं लक्ष ठेवा. मधला भाग काठांपेक्षा एक थर खाली ठेवा म्हणजे जास्तीचं पाणी मधून सांडेल, काठ कापणार नाही.

सहा मीटर रुंद नाला आणि मीटरभर उंची असेल तर साधारण अडीचशे गोण्या लागतात. २५ जणांना, गावातले चारपाच लोक सोबत असले तर, पाच दिवसांत दोन बंधारे सहज होतात, गोण्या मात्र तेवढ्या जास्त जमवाव्या लागतात. पण कागदावर एकच लिहा. दुसरा झाला तर गावाला आनंद, नाही झाला तर कुणाला तोंड लपवावं लागत नाही.

काम सकाळी साडेसात ते अकरा आणि दुपारी तीन ते पाच. भरणारे, वाहणारे, रचणारे असे तीन गट आणि ते रोज बदलायचे, नाहीतर मुली शिवणार आणि मुलगे उचलणार असं आपोआप होऊन बसतं.

राहणं

जिल्हा परिषदेची शाळा चालू असते, त्यामुळे तिथं राहायचं तर संध्याकाळी पाचनंतर ते सकाळी नऊपर्यंतच, आणि मुख्याध्यापकांसोबत शाळा व्यवस्थापन समितीलाही विचारा. समाजमंदिर मिळालं तर जास्त बरं. आधीच्या फेरीत संडास स्वतः उघडून बघा, पाणी कुठून येतं ते बघा. आपण २७ माणसं पाणीटंचाईच्या गावात अंघोळीला जाणार आहोत हे लक्षात ठेवा, रोज अर्धी बादली माणशी, आणि कपडे धुणं घरी. पॅडसाठी कागदी पिशव्या ठेवा आणि तो कचरा, बिस्किटांच्या पुड्यांसकट, परत शहरात आणा.

दगड हातानं उलटवायचा नाही, आधी पहारीनं हलवायचा, कारण खाली विंचू असतो. कोकणपट्ट्यातला लाल विंचू साधा नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून विंचूदंशाच्या रुग्णांचे प्राण वाचवता येतात हे दाखवून दिलं. म्हणून जवळच्या आरोग्य केंद्रात हे औषध आहे का, सर्पदंशावरचं प्रतिविष आहे का, हे जायच्या आधी तिथं जाऊन विचारा. साप चावला तर कापायचं नाही, करकचून बांधायचं नाही, माणसाला चालवायचं नाही, १०८ ला फोन, आणि रुग्णवाहिका यायला वेळ लागणार असेल तर जीप. म्हणून एक जीपवाला रात्री गावातच मुक्काम करणारा ठरवून ठेवा. धरणाच्या पाण्यात पोहायला उतरायचं नाही. यावर चर्चा नाही.

संध्याकाळी

रोज एक व्याख्यान ठेवायची पद्धत आहे, एक पुरे. दिवसभर माती उचललेली पोरं बसल्याजागी झोपतात आणि वक्त्यालाही वाईट वाटतं. त्यापेक्षा गावातल्या जुन्या माणसांना बोलवा, नाल्याला पूर्वी पाणी किती असायचं, धरणाखाली कुणाची जमीन गेली, हे ऐका. स्वच्छतेवर, व्यसनमुक्तीवर पथनाट्य करून गावाला शिकवायला जाऊ नका, अठरा वर्षांच्या पोरांनी साठीच्या माणसाला शिस्त शिकवलेली कुणालाच आवडत नाही, फक्त ते तोंडावर बोलत नाहीत. जुने कपडे वाटू नका. गावातल्या लहान मुलांचे फोटो आईवडिलांना न विचारता टाकू नका.

परत आल्यावर

आठ दिवसांत खर्चाचा हिशोब एका कागदावर लिहून एक प्रत कॉलेजला, एक ग्रामपंचायतीला. अहवालात "ग्रामस्थांमध्ये जनजागृती झाली" असलं काही लिहू नका, बंधाऱ्याची लांबी, उंची, गोण्या किती, पाणी मागं किती मीटर तुंबलं हे लिहा. शाळेतल्या मुलांना एक काठी खुणा करून द्या, दर सोमवारी पाणी किती ते वहीत टिपायला सांगा, गुरुजींना ही कल्पना बहुतेक आवडते. फेब्रुवारीत दोघेतिघे जाऊन वही बघून या. पाझर असेल तर चिकणमातीचा एक हात पुन्हा द्यावा लागतो, तासाभराचं काम आहे.

आणि मे महिन्याची एक फेरी अर्जातच लिहून ठेवा, कारण हे सगळेच विसरतात. वनराई बंधारा तात्पुरताच असतो, पहिल्या मोठ्या पावसात जाणार हे धरूनच बांधायचा. पण तो गेला की प्लास्टिकच्या गोण्यांच्या चिंध्या खालच्या शेतात आणि झाडांच्या मुळांत अडकून बसतात आणि गाव पुढच्या वर्षी तुम्हाला दारात उभं करत नाही. म्हणून पाऊस लागायच्या आधी गोण्या उसवून माती काठाला टाका, फाटक्या गोण्या भंगारवाल्याला द्या, आणि बऱ्या असतील त्या धुवून, वाळवून, बांधून समाजमंदिरात ठेवा, वर चिठ्ठी लावून किती आहेत ते.